खाजणावरची उघाडी

मुलुंड पूर्व
२ मार्च

दत्तू,

आशीर्वाद मागाहून. आधी भांडण.

फोन तू उचलत नाहीस. 'पावसकर परिवार' ग्रुपमधून मला काढून टाकलंस. सख्ख्या थोरल्या बहिणीला! तुझा टॉवर आणि माझी चाळ यांच्यामध्ये एक नाला आहे फक्त, आणि मी पोस्टाचं तिकीट चिकटवत बसलेय. हसावं की रडावं तेच कळत नाही. पण पत्राला काही ब्लॉक करता येत नाही, म्हणून लिहितेय.

तुमच्या 'सागरदीप' सोसायटीने खाजणाच्या, त्या खाडीकाठच्या दलदलीच्या, तोंडावर बांध घातला म्हणे. म्हणे कशाला, मी स्वतः चिखल तुडवत जाऊन बघून आले. चांगला पुरुषभर उंच बांध. त्याच्या पोटातून पाइप आणि पाइपाच्या तोंडाला लोखंडी झडप. ती झडप बघितली आणि माझ्या अंगाचा तिळपापड झाला, कारण मी ती ओळखली. गावच्या खारशेतीच्या बांधाला बाबांनी बसवलेली उघाडी! ओहोटीला आपोआप उघडते आणि आतलं पाणी बाहेर सोडते, भरतीला आपोआप मिटते आणि खाडीचं खारं पाणी आत येऊ देत नाही. अख्ख्या मुलुंडात ही अक्कल दुसऱ्या कुणाला सुचणार? चेअरमनसाहेब, तुम्हालाच.

अरे मेल्या, गावाला बांधाच्या आत भात होता! इथे आत तिवरं आहेत, तुमच्या कमिटीच्या भाषेत खारफुटी. तिवराला खारं पाणीच लागतं, दिवसातून दोनदा येणारं आणि दोनदा जाणारं. चिखलातून वर आलेली ती बोटाएवढी टोकं दिसतात ना, जी तुमच्या सोसायटीवाल्यांना मेलेले खुंट वाटतात, त्यातून ते झाड श्वास घेतं. तू त्याच्या नाकावर उशी दाबलीस.

आणि आमच्या चाळीचा नाला कुठे उतरतो? त्याच खाजणात. पावसाचं पाणी तिथे तिवरांत पसरतं, दमानं खाडीला जातं. म्हणून चाळीस वर्षं आमच्या उंबऱ्याला पाणी लागलं नाही. आता तिथे तू बूच मारलंस. ह्यांची अवस्था तुला ठाऊक आहे. उजवं अंग लुळं पडलंय, खाटेवरून उठवायला दोन माणसं लागतात. पाणी भरलं तर सगळी चाळ शिडीने पोटमाळ्यावर चढेल. ह्यांना कोण चढवणार?

बांध काढ. पावसाआधी काढ.

रत्नाताई

सागरदीप, मुलुंड पूर्व
९ मार्च

ताई,

तू आशीर्वाद दिला नाहीस तरी मी वाकून नमस्कार केलाय असं समज.

ग्रुपमधून काढलं, कारण गार्गीच्या बारशाच्या फोटोंखाली तू मेलेल्या चिंबोऱ्यांचे फोटो टाकत होतीस. लोकांनी बाळ बघायचं की ते?

आता बांधाचं. आम्ही नवव्या मजल्यावर राहतो, पण ओहोटीला खिडकी उघडायची सोय नव्हती, एवढा वास. डास. पार्किंगमध्ये साप. गेल्या दिवाळीत तर चक्क कोल्हा आला होता, वॉचमन केबिनची कडी लावून बसला. लोक माझ्याकडे येतात, चेअरमन म्हणून मी काय करायचं? खाजणाकडे बघत अभंग म्हणायचे? बिल्डरकडे खोदकामाची माती पडून होती, ती त्याने दिली. बांधाच्या आतल्या कडेने भराव घालून जॉगिंग ट्रॅक होतोय, बाकडी येतायत, बोगनवेल लावतोय. तुमच्या चाळीतली पोरंही खेळतील. तिवरं म्हणजे काय वड-पिंपळ लागून गेलेत?

आणि खारं पाणी काय असतं ते मला शिकवू नकोस. गावचा बांध फुटला तेव्हा तू लग्न होऊन मुंबईत होतीस. मी होतो तिथे. मिठाने पांढरी पडलेली जमीन मी बघितलीये. पुढची तीन वर्षं भाताची काडी उगवली नाही. बाबा फुटक्या बांधावर बसून लहान पोरासारखे रडले होते. खारं पाणी आत घ्यायचं नसतं, हे मला कुणी पुस्तकातून शिकवलेलं नाही.

नाल्याची काळजी करू नकोस. उघाडी त्यासाठीच आहे ना? ओहोटी लागली की नाल्याचं पाणी बाहेर. भावोजींना त्रास होईल असं मी करीन का गं? काहीतरीच तुझं.

दत्ताराम

मुलुंड पूर्व
२१ एप्रिल

दत्तू,

वास जावा म्हणून बांध घातलात ना? मग आता तुमच्या नवव्या मजल्यावर अत्तर दरवळतंय का रे? आमच्याकडे तर दार लावून जेवावं लागतं.

खाजणात नाल्याचं पाणी साचलंय, काळं कुळकुळीत. आधी भरती येऊन दोनदा सगळं विसळून न्यायची, आता कोण विसळणार? डास कमी व्हायचे होते, ते दुप्पट झाले. व्हायचेच! भरतीबरोबर बारकी मासळी आत यायची आणि डासांची पिल्लं फस्त करायची. ती यायची बंद केलीस. निवट्या, त्या बोटभर मासळ्या, चिखलावर उड्या मारायच्या, त्यांची पांढरी पोटं वर आली. निवट्या, चिंबोऱ्या गेल्या म्हणून बगळे गेले. गोधडीचा एक टाका तोडलास आणि आता अख्खी गोधडी उसवत चाललीये. आजार म्हशीला आणि औषध पखालीला, तशी तुमची कमिटी. वास नाल्यातल्या घाणीचा होता, शिक्षा तिवरांना.

काल अपूर्वा आली होती. तुझीच लेक, एवढा पैसा घालून एमेस्सीला झाडंच शिकवलीस ना तिला? मग एकदा तिला विचारायचंस तरी. ती गुडघाभर चिखलात उतरली आणि बाहेर आली ती रडतच. म्हणाली, आत्या, हे पाणी हलत नाहीये, मुळं बुडून राहिलीयेत, पावसापर्यंत निम्मी तिवरं मरतील. म्हणाली, आपण खातो ती निम्मी कोळंबी लहानपणी असल्या मुळांच्याच आडोशाला वाढते. हा खाडीचा पाळणा आहे, आत्या, आणि बाबांनी त्याच्यावर बाकडी टाकली.

तुमच्या टॉवरच्या जाहिरातीत फ्लेमिंगो छापला होता. 'बाल्कनीतून रोहित पक्षी पाहा.' लाज नाही वाटत? तो पक्षी ज्या चिखलातलं खातो तोच मारायचा आणि त्याचं चित्र लिफ्टमध्ये लावायचं.

आणि बाबांचं नाव मध्ये आणूच नकोस. तुला अर्धेच बाबा आठवतात. बांधाच्या आत बाबा खारं पाणी घेत नसत, खरं आहे. पण बांधाच्या बाहेर काय होतं? तिवरं होती! कुणी फाटा तोडायला गेला तर बाबा कोयता हिसकावून घेत. म्हणत, ही उभी आहेत म्हणून उधाणाचा मार बांधाला लागत नाही. ज्या वर्षी वरच्या वाडीने ती सरपणाला तोडली, त्याच्या पुढच्याच वर्षी बांध फुटला. हे नाही आठवत? अर्ध्या हळकुंडाने पिवळा झालास, दत्तू.

एक सरळ विचारते. बिल्डरने माती फुकट का दिली? तिवरं जिवंत आहेत तोवर तिथे कुणाला वीट लावता येत नाही. मेली की ती नुसती मोकळी जागा. तू विकला गेलास का रे?

रत्नाताई

सागरदीप
३० एप्रिल

ताई,

'विकला गेलास का' हे वाचल्यावर मी पत्र फाडून टाकलं. मग तुकडे गोळा करून पुन्हा वाचलं, कारण खरंच तू तसं लिहिलंयस यावर विश्वास बसेना.

माती बिल्डरची आहे. डोकं माझं आहे. पस्तीस वर्षं नोकरीत दुसऱ्यांनी सांगितलेलं केलं, आता पहिल्यांदा घराण्यातली विद्या कामी आली. इंजिनीअर म्हणाला, असली झडप मी बघितलीच नव्हती, पावसकर. तेव्हा माझी छाती केवढी फुगली असेल! त्यात तू बिल्डर बघितलास. स्पष्ट बोलू? मी टॉवरमध्ये आणि तू चाळीत, हे तुला खुपतं. हा सगळा तिवराचा पुळका त्यातून आलाय.

उद्या महाराष्ट्र दिनी ट्रॅकचं उद्घाटन आहे. बांधावर बाबांच्या नावाची पाटी लावतोय. आमंत्रण तुला होतं, आता यायचं की नाही ते तू ठरव, म्हणून हे पत्र पोस्टाने न टाकता वॉचमनच्या हाती पाठवतोय.

उघाडीची साफसफाई हाउसकीपिंगवाल्यांकडे दिलीये. अपूर्वाचे कान भरू नकोस. ती घरात माझ्याशी बोलत नाहीये.

दत्ताराम

मुलुंड पूर्व
२८ जुलै

चेअरमनसाहेब,

तुम्हाला कुणी सांगितलं नसेल, म्हणून सांगते.

गुरुवारी दिव्यांची अवस होती. मी सकाळी समया, निरांजनं घासून पाटावर मांडली होती. पाऊस पहाटेपासून धो धो. दुपारी भरती लागली, उधाणाची. तुझी उघाडी तू शिकवल्याप्रमाणे मिटली. शहाणी गं बाई! खाडी बाहेर अडली आणि नाला आत अडला. पूर्वी तो तिवरांत पसरायचा. आता तिथे तुझा ट्रॅक आणि निम्मं खाजण भरावाने बुजलेलं. पाणी जाणार कुठे? ते मागे फिरलं. मी माझ्या डोळ्यांनी बघितलं, नाला उलटा वाहत होता. पहिल्यांदा मोरीतून आलं, मग दारातून. दिवे पाटासकट तरंगले.

सगळी चाळ पोटमाळ्यावर. मी ह्यांच्या खाटेशी. खाटेखाली विटा लावल्या, पाणी विटांवर आलं. शेजारची शुभा पोटमाळ्यावरून खाली उतरली, तिचा नवरा उतरला, समोरचा प्रबुद्ध आणि त्याचा भाऊ आले. चौघांनी खाट उचलली आणि खांद्यावर घेतली. समजलं का तुला मी काय म्हणतेय ते? चौघांच्या खांद्यावर. जिवंतपणी. हे छताकडे बघत होते आणि त्यांना बोलता येत नाही, पण डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. मी छातीभर पाण्यात त्यांचा पाय धरून उभी.

मला वाटलं, ओहोटी लागेल, मग उतरेल. दत्तूने सांगितलंय ना, गणित सोपं आहे. ओहोटी लागली. पाणी तसूभर हललं नाही. खाट खांद्यावर तशीच, माणसं आळीपाळीने खांदा बदलतायत. शेवटी प्रबुद्ध बांधावर गेला, दोर कमरेला बांधून उघाडीपाशी बुडी मारली. झडपेत काय अडकलं होतं माहितीये? गादी. कुणीतरी नाल्यात फेकलेली कापसाची गादी, त्यावर थर्माकोल, पिशव्या, नारळ. त्याने ओढून काढली तेव्हा झडप उघडली.

गावाला उघाडीपाशी माणूस असायचा, दत्तू. प्रत्येक ओहोटीला खोरं घेऊन जायचा. घरटी पाळी लागलेली होती. तू झडप आणलीस, माणूस आणायला विसरलास. तुझे हाउसकीपिंगवाले कुठे होते? लॉबी पुसत होते?

हे हॉस्पिटलात आहेत. खाट उचलताना कलली तेव्हा घाण पाणी छातीत गेलंय, ताप उतरत नाही. माझ्या जेवणाच्या डब्यांच्या धंद्याची भांडी, शेगडी, धान्य, सगळं चिखलात. पण ते जाऊ दे. तो माणूस गेला असता.

बाबांच्या नावाची पाटी आधी उतरव. हे त्यांच्या नावावर खपवू नकोस.

रत्नप्रभा

सागरदीप
३१ जुलै

ताई,

मी काल हॉस्पिटलात आलो होतो. तू तोंड फिरवलंस. पेरू नर्सकडे देऊन आलो.

भावोजींना सोडलं की थेट इकडे आण. एक खोली मोकळी आहे, लिफ्ट आहे, ही सगळं करील. मी मनापासून म्हणतोय.

पण त्या दिवशीचा पाऊस नेहमीचा नव्हता, एवढं तरी मान. अख्ख्या शहरात पाणी भरलं. आपली कल्पना चुकीची नव्हती, देखभाल कमी पडली. उघाडीला जाळी बसवू म्हणजे गादीबिदी अडकणार नाही. बांधच काढा म्हणतेस, ते माझ्या एकट्याच्या हातात नाही. जनरल बॉडीत ठराव लागेल आणि लोकांना ट्रॅक आवडलाय. ज्येष्ठ नागरिक रोज येतात.

अर्जबिर्ज कुठे करू नकोस. घरातलं घरात मिटवू.

दत्ता

मुलुंड पूर्व
१४ ऑगस्ट

दत्तू,

बांध घालताना हात तुझे होते, काढायची वेळ आली तेव्हा ते जनरल बॉडीचे झाले?

तुझी लिफ्ट तुला लखलाभ. माझा नवरा तुझ्या नवव्या मजल्यावर आणीन, पण शुभाची सासू कुठे नेऊ? प्रबुद्धची पोरं? चाळीतल्या सगळ्यांना खोल्या देणार आहेस? आणि निवट्यांना? त्यांनाही लिफ्टने वर घे. अर्ज म्हणशील तर मी दोन केले. पोच मिळाली, माणूस मिळाला नाही.

हे घरी आलेत. २३ तारखेला पुन्हा अवस, पुन्हा उधाण. रात्रंदिवस त्यांची नजर दाराकडे असते. पाऊस वाढला की डावी मूठ खाटेची कड घट्ट धरते. मला ते बघवत नाही.

अवसेआधी तू बांध काढ. नाही काढलास तर तो निघेल.

रत्नप्रभा

सागरदीप
२२ ऑगस्ट

ताई,

तू हे काय करून बसलीस!

बुधवारी ओहोटीला, भर दुपारी बांध फोडला. गाडी जाईल एवढं खिंडार. उघाडी पाइपासकट उपटून चिखलात टाकलेली. कमिटीची माणसं माझ्या घरी येऊन बसली. पोलिसांत तक्रार द्यावीच लागली, चेअरमन म्हणून सही माझी आहे.

मी कॅमेऱ्यातलं चित्रण एकट्याने बघितलं. तू दिसतेस. पदर खोचलेला, हातात पहार. सदुसष्टाव्या वर्षी! आणि तुझ्या मागे घमेली उचलून देणारी ओढणीवाली मुलगी कोण आहे, ते मला चालीवरूनच कळलं. बापाला कळतं.

मी कमिटीला सांगितलं, कॅमेरा बंद होता. तक्रारीत 'अज्ञात इसमांनी' असं लिहून दिलंय. खोटी सही केली मी, ताई, तुमच्यासाठी. तू म्हणत होतीस ना विकला गेलास? आता बघ.

आता एकच कर. गप्प बस. अपूर्वालाही गप्प राहायला सांग, ती तीन दिवस तुझ्याकडेच आहे हे मला ठाऊक आहे. अज्ञात म्हटलं की चार-सहा महिन्यांत फाइल आपोआप बंद होते. दिवाळीनंतर बांध पुन्हा घालू. यावेळी तुझ्या सांगण्याप्रमाणे उघाडीवर माणूस ठेवीन, पगारी. तुझंही राहील, माझंही राहील.

दत्ता

मुलुंड पूर्व
२६ ऑगस्ट

दत्तू,

शनिवारी अवस झाली. पाऊस होता, उधाणही होतं. खाडी खिंडारातून आत आली, नाला तिला जाऊन मिळाला, पाणी फुगलं आणि आमच्या पायरीला लागलं. पायरीवर मी, शुभा, अपूर्वा, सगळ्या बसून होतो. मग ओहोटी लागली आणि ते गेलं. आपलं आपण गेलं. कुणाला बुडी मारावी लागली नाही. आत येऊन मी ह्यांना सांगितलं, आणि त्यांनी खाटेची कड सोडली. दिव्यांच्या अवसेपासून पहिल्यांदा दुपारचे झोपले.

तिवरं मात्र मेलीयेत. निम्म्याहून जास्त. अपूर्वा रोज जाऊन बघते. खाडीच्या कडेची थोडी तगली आहेत, त्यांचं बी पाण्यावरून आत येईल म्हणते, वाट बघायची, बरीच वर्षं लागतील. मी तेवढी जगणार नाही. तू सहा महिन्यांत मारलंस ते.

बिल्डरने तुला विकत घेतलं असं मी लिहिलं होतं, ते चुकलंच. तू फुकट गेलास. ते मला जास्त लागतं.

आणि आता 'अज्ञात'. दत्तू, मी अज्ञात? या नाल्याच्या काठावर चाळीस वर्षं राहिले, अर्ध्या मुलुंडाला डबे खाऊ घातले, मी अज्ञात? उपकार केल्यासारखं लिहितोस की खोटी सही केली. कुणाला वाचवलंस त्या सहीने? अज्ञात माणसाला कुणी विचारत नाही की बाई, बांध का फोडलास. फाइल बंद होते, दिवाळी होते, आणि तू पुन्हा माती टाकतोस. तू मला वाचवत नाहीयेस रे. तू बांधाला वाचवतोयस.

मला विचारलं गेलं पाहिजे. साहेबासमोर उभं राहून मला सांगायचंय की तिवरांना हात लावायला कायद्याने बंदी आहे आणि तरी तिथे दिवसाढवळ्या बांध उभा राहिला. खांद्यावर नवरा घेतलेल्या चारही माणसांना मी तिथे उभं करणार आहे. त्यासाठी माझं नाव कागदावर लागतं.

उद्या गणपती आहेत, पोलिसांना सवड नसेल. तुला सोमवारपर्यंत वेळ देते. जा आणि तक्रार नीट लिहून दे. रत्नप्रभा अंबादास मयेकर, वय सदुसष्ट, माहेरची पावसकर, राहणार नाल्याकाठची चाळ. पहार तिच्या हातात होती आणि पहिला घाव तिने घातला. अपूर्वा शेजारीच बसलीये, म्हणते माझंही लिही, आत्याच्या खाली, बापाच्या नावासकट पूर्ण.

तू नाही गेलास तर सोमवारी आम्ही दोघी जाऊ. आम्ही बांध फोडला म्हणून सांगू. मग साहेब विचारतीलच, बांध घातला कुणी? तेव्हा मी 'अज्ञात' म्हणणार नाही.

रत्नप्रभा